खाड्यांना वळसा

गाडीतल्या ओट्याखालच्या कप्प्यात, तांदळाच्या डब्यामागे, मला काळे तीळ सापडले. प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला रबरबँड. तिच्याखाली जवाची पुडी, एक कोरा पंचा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली दर्भाची जुडी. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, तीळ घरात होतेच, पण ते पांढरे. काळे तीळ कुणी सहलीला नेत नाही. मी गाडीत उकिडवी बसले होते, हातात मसाल्याचा डबा होता, आणि बाहेर सोसायटीच्या फाटकापाशी तळमजल्यावरची मीना दुधाची पिशवी घेऊन उभी होती. "काय काकू, यंदा पण हनिमून?" म्हणाली. मी म्हटलं, "हो ना, यंदा पण." ती हसली, म्हणाली, "मज्जा आहे बाई तुमची. आमच्या ह्यांना सांगा जरा, ते मला तुर्भ्याच्या पुढे नेत नाहीत." मी पण हसले. डबा आत ठेवला, तांदळाचा डबा पुन्हा पुढे सरकवला, तीळ दिसेनासे झाले. मग गाडीतून उतरले आणि जिना चढून वर गेले, कारण गॅस बंद केलाय की नाही ते बघायचं होतं. गॅस बंदच होता. मी स्वयंपाकघरात जरा वेळ उभी राहिले. मला राग आला होता, की भीती वाटली होती, की दोन्ही, ते कळेना. एवढंच कळलं की मी काही बोलणार नाही. ज्यानं तीळ लपवले त्यानं बोलावं. नवरा आहे, दोन दिवस बरोबर असणार आहे, तोंड आहे त्याला. बोलू दे.

मनातल्या मनात मी त्याला नंदकिशोर म्हणते, अरे-तुरे करते. तोंडानं अहो. आमच्या पिढीतल्या सगळ्या बायका असंच करतात, माझी खात्री आहे. वरून अहो, आतून अरे. त्या दिवशी मी आतून त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. दर्भ, तीळ, जव यांचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. पेणचे भाऊजी, म्हणजे नंदकिशोरचे थोरले भाऊ, तीन-चार वर्षं आडून आडून तेच सुचवत होते. घरातला माणूस निघून गेला आणि त्याचा काही ठावठिकाणा लागला नाही, तर बारा वर्षं वाट बघायची. बारा वर्षं झाली की मग त्याचा पुतळा करायचा. पळसाच्या देठांचा, दर्भाचा, डोक्याच्या जागी नारळ. त्याला नाव-गोत्र द्यायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे तो मेला असं धरायचं. "त्याला मोकळं करा रे," भाऊजी म्हणायचे, "तुमच्यापायी तो पोर अडकून पडलाय." दर वेळी मी उठून आत जायची. बारा वर्षं या मार्गशीर्षात झाली. त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला आणि मनात म्हटलं, झालं, आता कुणी माझ्याशी या विषयावर बोलू नये. कुणी बोललं नाही. मला वाटलं, नंदकिशोर माझ्या बाजूचा आहे.

उल्हास गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, काहीतरी धरून बसता आलं असतं, आपण तेव्हा तसं बोललो नसतो तर, असं म्हणत रडता आलं असतं. दहीभात खाल्लान, ताट मोरीत ठेवलं, कापडी पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "येतो गं." आपल्याकडे जाणारा माणूस येतो म्हणूनच जातो, त्यात विशेष काही नाही. मी भाजी निवडत होते, मी वर बघितलं नाही. ओळखीच्या एकानं त्याला संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर बघितलं होतं, कोकणात जाणाऱ्या बोटीच्या रांगेत. बस, एवढंच. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नवस झाले, लालबागेतल्या आमच्या चाळीतल्या लोकांनी किती दिवस जिन्यात हळू आवाजात बोलायचं ते ठरवून टाकल्यासारखं केलं आणि मग तेही विसरले. आणि मग आम्ही चाळ सोडली. ते मला अजून गिळवत नाही. नंदकिशोरची कंपनी ठाणे-बेलापूर रस्त्यावर गेली, वाशीला सिडकोचा फ्लॅट मिळत होता, स्वतःचा संडास, स्वतःची गॅलरी. सगळे म्हणाले, घ्या, वेड्यासारखं करू नका. घेतला. चाळीतल्या शेजारच्या दुर्गाबाईंना मी पत्ता पाठ करून घेतला होता, मुलांना पाढे म्हणायला लावतात तसा. उल्हास आला तर सांगा, खाडीवरच्या नव्या पुलावरून बस येते, वाशी म्हणायचं, सेक्टर म्हणायचं. दुर्गाबाई म्हणाल्या, "सेक्टर म्हणजे काय गं?" तो गेला तेव्हा हे गावच नव्हतं. इथे भाताची खाचरं होती, मिठागरं होती. ज्या गावात आई-बाप राहतात ते गाव त्यानं ऐकलेलंसुद्धा नाही, असा मुलगा परत यायचा कसा? आणि आला, पुलावरून उतरला, तरी इथल्या इमारती अशा की मी स्वतः पहिल्या वर्षी दोनदा दुसऱ्यांच्या जिन्यात चढले होते, वरच्या मजल्यावर किल्ली लागेना तेव्हा कळलं. गेल्या वर्षी चाळीत गेले तर दुर्गाबाई खाटेवर होत्या. मी म्हटलं, "पत्ता आहे ना लक्षात?" त्या म्हणाल्या, "कुणाचा?" मी म्हटलं, "आमचा. उल्हाससाठी." त्यांनी माझ्याकडे छान हसून बघितलं आणि विचारलं, "कोण उल्हास?"

गाडी ही नंदकिशोरची कल्पना. एका दवाखान्याची जुनी मॅटाडोर, रुग्णवाहिका होती, ती मोडीत निघालेली आणली आणि रविवार-रविवार खपून त्यानं तिचं घर केलं. दोन बाकडी, रात्री त्यांच्यावर गाद्या. एक घडीचं टेबल, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि तिला तोटी. खिडक्यांना मी फुलाफुलांचे पडदे शिवले. कोकणातल्या बंदरांवर राहायची सोय नसते, एसटीनं जायचं तर एक गाव बघून होईतो रजा संपते, म्हणून ही गाडी. दर जानेवारीत आम्ही निघायचो. रेवस, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, मग श्रीवर्धन, कधी त्याच्याही खाली. प्रत्येक बंदरावर फोटो दाखवायचा, विचारायचं, एक रात्र काढायची, पुढे. सोसायटीला आम्ही कधी काही सांगितलं नाही. इथे सगळेच नवीन, कुणाचं मागचं कुणाला माहीत नाही, हा एक फायदा. त्यांना वाटतं मूलबाळ नाही, पैसा आहे, फिरतात राजा-राणी. गाडी निघाली की पोरं मागून पळतात, गॅलऱ्यांतून बायका हात हलवतात, आणि मी खिडकीत बसून उलट हात हलवते. हौशी जोडपं म्हणून आमचं नाव झालंय. सोसायटीच्या गणपतीत एकदा आम्हाला या फिरण्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. नंदकिशोर उठून चक्क बोलला, समुद्र, सूर्यास्त, सुरुची बनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसून त्याच्या चपलांकडे बघत होते.

त्या दिवशी बेलापूर मागे टाकेपर्यंत तो काही बोलला नाही. मी पण नाही. दिवाळे गावाच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली, आणि मला वाटलं थांबेल, दर वर्षी थांबतो. पण त्यानं गिअर बदलला आणि गाडी पुढे काढली. दिवाळ्यात चांगुणाबाई बसते, वाकट्या-बोंबील घेऊन, रस्त्याच्या कडेला. आम्ही मासे खात नाही, तरी दर वर्षी तिच्याकडून सुके बोंबील घ्यायचो आणि पनवेलला कुणालातरी देऊन टाकायचो. पहिल्या वर्षी तिला फोटो दाखवला होता. तिनं तो ओल्या हातानं न धरता नुसताच वाकून बघितला होता आणि म्हणाली होती, "पानी कोनाला ठेवून घेत नाय बाय. कवातरी देतंच. तुजा पोर हाय ना, तो येल." मी त्या वाक्यावर एक अख्खं वर्ष काढलं होतं. त्याच्या दुसऱ्या वर्षी कधीतरी, पोळ्या लाटताना, माझ्या डोक्यात आलं की कोळणी पाण्यानं दिलेलं माणूस म्हणतात ते किनाऱ्याला लागलेल्या मढ्याला. तरी मी तिच्याकडे थांबायची. ती "येल" म्हणायची ते मला ऐकायचं असायचं, अर्थ काही का असेना. आज नंदकिशोरनं मला तेवढंही ऐकू दिलं नाही. मी मागे वळून बघितलं. चांगुणाबाई गाडी ओळखून उठून उभी राहिली होती, कपाळावर आडवा हात धरून.

आता बोलेल, पनवेलला बोलेल, पेणला चहाला थांबलो की बोलेल. पेणला तो भावाकडे न जाता बाहेरच्या बाहेर निघाला तेव्हा मला कळलं की भावाशी सगळं आधीच ठरलेलं आहे. अलिबागच्या रस्त्यावर ऊन छान पडलं होतं, दोन्ही बाजूंना शेतात पेंढ्याच्या उडव्या, हवेत गारवा. नंदकिशोर म्हणाला, "यंदा थंडी बरी आहे." मी म्हटलं, "हो." थोड्या वेळानं म्हणाला, "तुला शाल हवी का?" मी म्हटलं, "नको." या माणसाबरोबर मी तीस वर्षं काढली. हा खोटं बोलत नाही, त्याला ते येतच नाही; हा गप्प बसतो. गप्प बसून तो असा काही जपायला लागतो की समोरच्याला आपण आजारी असल्यासारखं वाटावं. खिडकीची काच वर केली, पाण्याची बाटली पुढे केली, खड्डा आला की आधी सांगितलं, "धर." मला ओरडावंसं वाटत होतं की मला कशाला जपतोस, ज्याला जपायला हवं होतं त्याला नारळाचं डोकं लावून जाळायला निघालायस. पण बोलले नाही. माझाही हट्ट. आणि खरं सांगायचं तर हट्टाच्या खाली भीती होती. मी विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, आणि मग ते गाडीत आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसलं असतं.

रेवदंड्याला आम्ही बंदरावर गेलो. गाडी उभी केली, उतरलो, नंदकिशोर धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला आणि पाठीमागे हात बांधून उभा राहिला. फोटो काढला नाही. खिशात होता, मला माहीत होतं, त्याच्या पाकिटात तो कायम असतो. होड्यांवरची माणसं आमच्याकडे बघत होती, एक-दोघे ओळखीचेही होते, दर वर्षीचे. त्यांनी मान हलवली. नंदकिशोरनंही हलवली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय साहेब, गवसला का पोरगा?" तो म्हणाला, "नाही." एवढंच. पूर्वी नाही म्हटल्यावर तो पुढे बोलायचा, की सावळा आहे, उजव्या भुवईवर खूण आहे, आता मोठा झाला असेल. सुरुवातीला आम्ही म्हणायचो, असा मुलगा पाहिलात का. मग म्हणायला लागलो, याच्यासारखा, पण मोठा. फोटोतला सतराचाच राहिला, आम्ही त्याच्या वयात दर वर्षी एकेक मिळवत गेलो, लोक फोटोकडे बघायचे आणि आमच्याकडे बघायचे. दोन वर्षांमागे मुरूडला एकानं सांगितलं होतं, आहे असा एक, बर्फाच्या कारखान्यात. आम्ही पळत गेलो. तिथे एक माणूस होता, सावळा, भुवईवर खूणसुद्धा होती, तो आमच्याकडे वळला आणि क्षणभर, देवाशपथ सांगते, मला वाटलं, असेल. एवढं काय, माणूस बदलतो. मी त्याचं कोपर धरलं. तो बिचारा रत्नागिरीकडचा होता, दोन पोरांचा बाप, त्यानं आपलं कोपर सोडवून घेतलं नाही, मी सोडेपर्यंत तसाच उभा राहिला. त्या रात्री नंदकिशोर जेवला नाही. तेव्हापासूनच हे त्याच्या मनात असेल का? मी ज्या माणसात क्षणभर का होईना उल्हास बघितला, त्याच माणसात त्यानं काय बघितलं?

मुरूडला तो यंदा गेलाच नाही. ज्याला हा किनारा ठाऊक नाही त्याला वाटेल, समुद्राच्या कडेकडेनं गाडी हाकायची, झालं. तसं नाही. इथे गाव संपलं की खाडी. पलीकडचं गाव समोर दिसतं, तिथल्या बाईच्या लुगड्याचा रंग दिसतो, पण गाडीला पूल नाही. मग मागे फिरायचं, पार आत डोंगरात जायचं, खाडीच्या शेपटाला वळसा घालायचा आणि पुन्हा समुद्राकडे यायचं. अर्धा दिवस मोडतो. सोसायटीत नंदकिशोरनं वर्णन केलेला समुद्र आम्हाला असा तुकड्या-तुकड्यांनी भेटायचा, आणि मधे नुसता डोंगर आणि धूळ. पूर्वी या वळशांमध्ये आम्ही बोलायचो. तिथे नसेल तर पलीकडे असेल, असं तो म्हणायचा, आणि मी म्हणायची, पलीकडे असेल. म्हसळ्याचा घाट यायच्या आत आम्ही त्याला एखाद्या गावात नोकरीला लावलेलं असायचं, कधी शाळेत, कधी बंदरखात्यात, एकदा तर मी त्याचं लग्न पण लावून दिलं होतं, सून भंडारी घरातली, सुपारीच्या बागेतली, आणि नंदकिशोर म्हणाला होता, "चालेल. आपल्याला काय, सुखात असू दे." हसलो होतो आम्ही. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जगात दोनच माणसं होती ज्यांना उल्हास जिवंत आहे हे माहीत होतं, आणि ती दोघं या गाडीत होती. मला तेवढंच पुरत होतं. आता त्याच घाटात तो दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढवत होता, मानेवर घाम आला होता, आणि मी बाजूला बसून हिशेब करत होते की आता किती माणसं उरली.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. त्यानं स्टोव्ह पेटवला, खिचडी केली, माझं पान आधी वाढलं. मी खाल्ली. कप्प्यातून तांदळाचा डबा त्यानंच काढला, माझ्या आणि कप्प्याच्या मधे पाठ करून. सकाळी उठले तर तो आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून गाडीच्या पायरीवर बसला होता. पिशवी मांडीवर. मला म्हणाला, "तू झोप अजून. मी जरा देवदर्शन करून येतो." मी गादीची घडी घातली, केस बांधले आणि म्हटलं, "तीळ घेतलेत का?"

त्यानं मागे वळून बघितलं नाही. मग म्हणाला, "कधी बघितलंस?"

"वाशीला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

"मला नाही जमलं." त्यानं पिशवी मांडीवरून काढून शेजारी ठेवली. "सुनीती, मी थकलो गं. तुला सांगू का, मला आता तो आठवत नाही. फोटो आठवतो. विचारताना मी त्या फोटोचं वर्णन करतो. त्याचा आवाज मला येत नाही. मुरूडला तू त्या माणसाचा हात धरलास ना, तेव्हा मला वाटलं, हा म्हणू दे, मीच तो. कोणी का असेना. हो म्हणू दे आणि संपू दे. बापाच्या मनात असं यावं? त्या दिवसापासून मला माझीच किळस येते." मग म्हणाला, "हवं तर तू नको म्हण. नको म्हणालीस तर आत्ता गाडी फिरवतो. पुन्हा विषय काढणार नाही."

असं होतं ते. सगळं माझ्या पदरात टाकून मोकळा झाला. मला एक शब्द बोलायचा होता, दोन दिवस तो माझ्या तोंडात तयार होता. पण त्याची मान मला आतून दिसत होती, वाळलेली, मागून पिकलेली, आणि मला त्याची दया आली. दया येणं फार वाईट. मी म्हटलं, "मी पण येते." मी मनात ठरवलं होतं की तिथे जायचं आणि विधी करणाऱ्या गुरुजींना सांगायचं की आमचा मुलगा जिवंत आहे, तुम्ही हे करू शकत नाही. त्याला नको म्हणण्यापेक्षा परक्या माणसाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं. नंदकिशोर म्हणाला, "बायका नसतात तिथे." मी चपला घातल्या.

खडकांच्या वर, पाणी लागणार नाही अशा जागी गुरुजी बसले होते. माझ्याएवढेच असतील, चष्मा, अंगावर स्वेटर. मला बघून जरा थबकले, मग पुन्हा खाली वाकले. त्यांनी जमीन सारवून घेतली होती, वर दर्भ पसरला होता आणि पळसाचे देठ एकेक करून मांडायला घेतले होते. हात, छाती, पाय. ते काम सवयीनं चाललं होतं, बोटं भराभर फिरत होती, मधे मधे नंदकिशोरला विचारत होते, नाव, गोत्र, गेला तेव्हाचं वय. नंदकिशोर सांगत होता. मी उभी होते. आता बोलायचं, आता, असं म्हणत होते. डोक्याच्या जागी नारळ ठेवून गुरुजी मागे सरले, आणि मी बघितलं. हातभर होतं ते. तान्ह्या बाळाला दुपट्यावर ठेवावं तेवढं.

"एवढासा नव्हता तो," मी म्हटलं.

गुरुजी म्हणाले, "बाई, हे नुसतं प्रतीक असतं. आकाराचं काही नाही."

"असू दे. तो यांच्यापेक्षा उंच होता. सतराव्या वर्षीच यांच्या डोक्यावरून बघायचा." मी खाली बसले. कधी बसले ते कळलं नाही. "पाय लांब होते त्याचे. झोपला की खाटेच्या बाहेर यायचे, मी स्टूल लावून द्यायची." आणि मी देठ उचलायला लागले. गुरुजींनी हात अर्धा पुढे केला आणि परत घेतला. त्यांच्याजवळ देठांचा आणखी एक भारा होता, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी पाय लांब केले. मांडीपासून घोट्यापर्यंत. खांदे रुंद नव्हते, खांदे तसेच ठेवले. हात गुडघ्यांपर्यंत आले पाहिजेत, सगळे हसायचे त्याला, हात कुणाकडून आणलेस म्हणून. नारळ वर सरकवला. मान बारीक होती, तिथे थोडे देठ कमी केले. दर्भ पुरेना, तर आणखी मागून घेतला. मी फार मन लावून करत होते. तासभर गेला असेल. शेवटी मी मागे सरले तर समोर माझा मुलगा निजला होता, अगदी त्याच्या मापाचा, आणि नंदकिशोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होता, "पुरे, सुनीती. झाला." मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा शांत होता, गेल्या बारा वर्षांत नव्हता तसा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. जे मोडायला आले होते ते मीच पुरं केलं होतं, त्याच्याहून चांगलं. त्याला ते कधीच एवढं हुबेहूब जमलं नसतं.

अग्नी दिला. सुके देठ, लगेच पेटले. मी रडले नाही. रडणं आलं असतं तर रडले असते, येईना. आग बसत आली तेव्हा मी गुरुजींना विचारलं, "आणि तो परत आला तर?"

मला वाटलं ते चिडतील. ते चष्मा पुसत म्हणाले, "येतात कधी कधी. शास्त्रात त्याची सोय आहे. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं आणि पुन्हा जन्मला असं मानायचं. जातकर्मापासून सगळे संस्कार पहिल्यापासून. बारसं पण. नवीन नाव ठेवायचं, मग तो घरात येऊ शकतो."

"त्याच नावानं नाही?"

"ते नाव आता गेलं," ते राखेकडे बघून म्हणाले.

परत येताना नंदकिशोरला भूक लागली. म्हसळ्याला गाडी थांबवून त्यानं दोन बटाटेवडे खाल्ले, मग आणखी एक मागवला, चहा बशीत ओतून प्यायला. मला त्याच्या भुकेचा राग आला, आणि तो खातोय याचं बरंही वाटलं. घाटात तो बोलायला लागला. आपणहून, पुष्कळ. म्हणाला, गॅलरीला ग्रील करून घेऊ या. म्हणाला, निवृत्त झाल्यावर ऐरोलीकडे थोडी जागा बघावी, तिकडे पण वस्ती होणार म्हणतात. मग म्हणाला, "ही गाडी काढून टाकू आता. दारात उभी राहून गंजतेच आहे. पुढच्या जानेवारीत आपण महाबळेश्वरला जाऊ, एसटीनं, खऱ्याखुऱ्या हॉटेलात राहू. तू कधी बघितलं नाहीस." मी खिडकीतून बाहेर बघत होते. खाली खाडी दिसत होती, ओहोटी लागली होती, चिखलात एक बाई वाकून काहीतरी वेचत होती. मी नावं आठवत होते. म्हसळा सोडल्यापासून तेच चाललं होतं माझं. नवीन नाव ठेवायचं तर ते शोभलं पाहिजे, एकोणतीस वर्षांच्या माणसाला बारशाचं नाव कसं शोभणार? श्रीधर बरं वाटतं. सदानंद नको, फार म्हातारं. आणि हे मी आता नंदकिशोरला सांगू शकत नव्हते. या घाटात या गाडीत मी त्याला काय वाटेल ते सांगत आले होते, सुनेच्या बांगड्यांपर्यंत, आणि आता हे एवढं सांगू शकत नव्हते. त्याचा मुलगा गेला होता. तो सुटला होता. त्याला परत यात ओढायचं म्हणजे पाप. आता जगात एकच माणूस उरलं होतं, मी, आणि मला साधी एसटीची वेळ पण नीट कळत नव्हती.

"गाडी विकू नका," मी म्हटलं.

"अगं, कशाला ठेवायची?"

"मला चालवायला शिकवा."

तो हसला. "तुला? या वयात?" मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू गेलं. वळण संपल्यावर, जिथे रस्ता जरा रुंद होता, तिथे त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिला. मागून एक एसटी आली, हॉर्न देऊन गेली, धूळ उडाली, बसली. त्याचा तो शांत चेहरा, जो मी सकाळपासून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, तो माझ्या समोर पुन्हा पहिल्यासारखा झाला. मी केलं ते. मला ते बघवेना, पण मी शब्द मागे घेतला नाही.

"मी येईन बरोबर," शेवटी तो म्हणाला. "शेजारी बसेन. पण कुणाला विचारणार नाही. विचारायचं तू."

"बरं."

तो दार उघडून उतरला, गाडीच्या पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला, आणि मी त्याच्या जागेवर सरकले. सीट त्याच्या अंगानं गरम होती. त्यानं दार लावून घेतलं, रुमालानं तोंड पुसलं आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "डाव्या पायाखाली क्लच असतो. तो आधी पूर्ण दाबायचा."